कायरोप्रॅक्टिक, मणका आणि हृदयाचे ठोके: बडोद्यातून परत परत येणारे प्रश्न

मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे, स्टेंट किंवा बायपास झालेल्या लोकांना परत हिंडतं-फिरतं करणं हे माझं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत रील्स बघून पाठ-मान "क्रॅक" करून घेणारे, म्हणजे हाताने मणके झटक्यात दाबण्याच्या कायरोप्रॅक्टिक उपचाराला जाणारे, खूप वाढलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सांगितलं जातं की मणका बसवला की हृदयसुद्धा सुधारतं. कमाटीबागेत सकाळी चालणाऱ्या काका-काकूंपासून ते वाडीत राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तेच तेच विचारतात, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथे जाऊन वाचा.

१. ताई, कायरोप्रॅक्टिक म्हणजे आपल्याकडच्या हाडवैद्यासारखंच ना?

दिसायला सारखं, मूळ वेगळं. आपल्याकडे हाडं बसवण्याची विद्या आखाड्यातून आली, बडोद्यात तर जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकरावांचं नाव आजोबांच्या पिढीला पाठ होतं. पण आखाड्यातला वस्ताद निखळलेला खांदा बसवायचा, मुरगळलेला पाय चोळून द्यायचा, त्याने कधी म्हटलं नाही की मी हृदय बरं करतो.

कायरोप्रॅक्टिक सुरू झालं १८९५ मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावात. डी. डी. पामर नावाचे गृहस्थ आधी चुंबकाने उपचार करायचे, त्यांनी एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यानंतर लगेचचा पेशंट हृदयाच्या तक्रारीचा होता, तिथेही हृदयाच्या नसांवर मणका दाबत होता तो सरकवला आणि लगेच आराम पडला असं त्यांचंच म्हणणं. म्हणजे हृदयाचा दावा आजकालचा नाही, पहिल्या दिवसापासूनचा आहे. फक्त तेव्हा ईसीजी नव्हता, त्यामुळे त्या माणसाला नेमकं काय झालं होतं हे कुणीच सांगू शकत नाही.

२. हृदयाच्या नसा पाठीच्या मणक्यातूनच जातात, मग मणका सरकला तर हृदयावर परिणाम होणारच ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि यात अर्धं खरं आहे म्हणूनच तो पटतो, तर जरा नीट समजून घ्या.

हृदयाला दोन प्रकारच्या नसा जातात. एक वेग वाढवणारी, सिम्पथेटिक. ही पाठीच्या वरच्या भागात, म्हणजे छातीच्या पहिल्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर स्पायनल कॉर्डमधून (मणक्यांच्या आतल्या मज्जारज्जूतून) निघते, मणक्यांमधल्या फटीतून बाहेर येते, मग मणक्याच्या बाजूने गाठींची एक साखळी असते तिच्यात शिरते आणि तिथून हृदयाकडे जाते. दुसरी वेग कमी करणारी, व्हेगस. ही मेंदूच्या देठातून निघते, कवटीच्या तळाच्या भोकातून बाहेर पडते आणि मानेत पुढच्या बाजूने, कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मोठी) धमनी आणि जुग्युलर (रक्त परत आणणाऱ्या) शिरेला चिकटून खाली उतरते. ती मणक्यांच्या फटीतून जातच नाही. आराम करताना हृदय जे शांत चालतं ते मुख्यतः या व्हेगसमुळे, आणि मजेची गोष्ट म्हणजे "मानेचा मणका बसवला की व्हेगस मोकळी होते" हेच सगळ्यात जास्त विकलं जातं.

मग उरली सिम्पथेटिक. ती मणक्यातून येते हे खरं. पण ती एका मणक्यातून येत नाही, चार-पाच ठिकाणाहून दोन्ही बाजूंनी येते, आणि छातीचे मणके फासळ्यांनी इतके बांधलेले असतात की ते मानेच्या किंवा कमरेच्या मणक्यासारखे सहजासहजी हलत नाहीत. आणि समजा ती नस पूर्ण बंद झाली तर? त्याचं उत्तर आपल्याकडे आहे, कारण डॉक्टर ती मुद्दाम कापतात. तळहाताला खूप घाम येतो अशा पेशंटमध्ये छातीतल्या सिम्पथेटिक साखळीचा तुकडा कापतात, आणि ठोक्यांची लय बिघडण्याच्या काही जीवघेण्या आजारांत त्या साखळीतली डाव्या बाजूची गाठ अर्धी काढून टाकतात, तीही हृदयाला वाचवण्यासाठी. कापल्यावर हृदय बंद पडत नाही, ठोके थोडे कमी होतात एवढंच. म्हणून "नस दबल्याने तुमचं हृदय उपाशी आहे" हे वाक्य शरीरशास्त्रात बसत नाही.

३. पण मेंदूकडून सिग्नल आलाच नाही तर हृदय चालेल कसं?

चालतं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे तो स्वतःच ठोका तयार करतो. तरुण माणसात सगळ्या नसांचा प्रभाव औषधाने बंद केला तर ठोके मिनिटाला साधारण १०० पडतात, वय वाढेल तसा हा आकडा उतरतो. बसल्या बसल्या तुमचा पल्स ७० येतो तो व्हेगसने लगाम धरलाय म्हणून.

हार्ट ट्रान्सप्लांट हा याचा जिवंत पुरावा. १९६७ च्या डिसेंबरमध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं केलं, आपल्याकडे १९९४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी. नवीन हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, नसा कुणी जोडत नाही. तरी ते धडधडतं, आरामातसुद्धा ९०-१०० च्या आसपास, आणि माणूस जिना चढायला लागला की वेग हळूहळू वाढतो कारण तेव्हा रक्तातल्या ॲड्रेनॅलिनची वाट बघावी लागते. माझ्या कामात अशा पेशंटला वॉर्म-अप जास्त वेळ द्यावा लागतो तो याचसाठी.

नस हृदयाशी बोलते ती रसायनाने, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेतवली, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं, दुसरंही मंद झालं. १९३६ चं नोबेल त्यावर मिळालं.

४. मग मणक्यामुळे हृदयावर कधीच परिणाम होत नाही का? माझ्या भावाचा ॲक्सिडेंट झाला तेव्हा पल्स खूप उतरला होता.

होतो, आणि तुमच्या भावाची केस खरी आहे. मान किंवा पाठीच्या वरच्या भागात स्पायनल कॉर्डलाच इजा झाली तर मेंदूकडून खाली येणारे सिम्पथेटिकचे हुकूम तुटतात, व्हेगस मात्र शाबूत राहते, त्यामुळे बीपी आणि पल्स दोन्ही पडतात. पुढे काही महिन्यांनी उलटा त्रास होऊ शकतो, इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर नुसती लघवीची पिशवी भरली किंवा संडास अडकली तरी बीपी एकदम धोक्याच्या पातळीवर चढतं, डोकं ठणकतं. ही इमर्जन्सी आहे, पेशंटला ताबडतोब बसतं करायचं, कॅथेटर (लघवीची नळी) कुठे दुमडलाय का ते बघायचं आणि हॉस्पिटलला फोन करायचा.

पण ही कॉर्डची इजा झाली. अशा माणसाचे हात किंवा पाय लुळे पडलेले असतात. दुकानात आठ तास बसून आखडलेली पाठ आणि ही इजा यांचा काही संबंध नाही, एकाचं उदाहरण देऊन दुसऱ्याचे सेशन विकले जात असतील तर उठून या.

५. मी स्वतः मोजलंय, क्रॅक केल्यावर बीपी १५० वरून १३२ आलं. हे खोटं कसं म्हणता?

खोटं म्हणत नाही, आकडा खरा आहे. कारण कुठलं, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही रिक्षातून उतरून, जिना चढून, दुखरी मान घेऊन, थोडे घाबरत पोचलात तेव्हा १५० होतं. मग पंधरा मिनिटं पालथे झोपलात, कुणीतरी मायेने पाठीवरून हात फिरवला, दुखणं कमी झालं. बीपी उतरायला एवढं पुरे. दुखणं सिम्पथेटिक चेतवतं, दुखणं कमी झालं की ती शांत होते, यात मणका जागेवर आला का हा मुद्दाच नाही, गरम पाण्याच्या शेकानेही असं होऊ शकतं.

आणखी एक कारण आहे जे फार कमी लोकांच्या लक्षात येतं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मानदुखीवाले बरेच जण महिनोन्महिने मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून खातात. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या औषधांचा असर कमी करतात, आणि हार्टच्या पेशंटला धोकाही वाढवतात. मान मोकळी झाली, गोळ्या बंद झाल्या, दोन-तीन आठवड्यांत बीपी खाली, आणि श्रेय जातं मणक्याला! तुम्ही अशा गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा.

खरा आकडा हवा असेल तर घरी मोजा. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर.

६. पण यावर रिसर्च झालाय म्हणतात, मानेचा पहिला मणका बसवला की बीपी दोन गोळ्यांइतकं उतरतं?

झालाय. २००७ मध्ये शिकागोतून एक छोटा अभ्यास छापून आला, ५० पेशंट, अर्ध्यांना पहिल्या मणक्यावर हलका दाब देऊन उपचार, अर्ध्यांना नुसतं नाटक, आठ आठवड्यांनी वरचा आकडा उपचारवाल्यांत सरासरी १७ ने उतरला आणि नाटकवाल्यांत ३ ने. हे ऐकायला भारी वाटतं आणि अभ्यास प्रामाणिकपणे केलेला होता. पण तो पायलट होता, म्हणजे मोठा अभ्यास करण्यासारखं काही आहे का ते बघण्यापुरता. नंतर २०१६ मध्ये ५१ जणांवर दुसऱ्या एका वरच्या मानेच्या पद्धतीने तसाच तुलनेचा अभ्यास झाला त्यात बीपीत फरक दिसला नाही. दोन छोट्या अभ्यासांची उत्तरं जुळत नसतील तर त्यावर कुणाची गोळी बंद करता येत नाही. गोळीबद्दल प्रश्न ११ बघा.

७. माझ्या स्मार्टवॉचमध्ये सेशननंतर एचआरव्ही वाढलेला दिसतो. ही व्हेगस सुधारल्याची निशाणी ना?

एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते. श्वास आत घेताना ठोके थोडे जलद, सोडताना मंद, हे व्हेगसचंच काम, म्हणून एचआरव्ही हा व्हेगसचा अंदाज देतो हे बरोबर. पण तो इतक्या गोष्टींनी हलतो की काही विचारू नका: रात्रीची झोप, चहा, ताप, उशिरा खाल्लेली सेव-उसळ, मासिक पाळी, नुसता श्वासाचा वेग. मिनिटाला सहा श्वास अशा संथ लयीत पाच मिनिटं बसलात तरी आकडा वर जातो, कुणाचा हात न लागता. घड्याळ मनगटावर उजेड टाकून नाडी मोजतं, हात हलला की चूक होते. मॅनिप्युलेशननंतर (म्हणजे हाताने मणका झटक्यात हलवल्यावर) एचआरव्ही मोजलेले अभ्यास आहेत, त्यातले बरेच छोटे, परिणाम थोडा वेळ टिकणारे आणि एकमेकांशी न जुळणारे. त्या वाढीमुळे कुणाचा हार्ट अटॅक टळला असं कुठेही दाखवलेलं नाही. घड्याळ वापरा, पण सेशनच्या आधी-नंतर न बघता महिन्याची सरासरी बघा.

८. तो कट्ट आवाज येतो म्हणजे मणका जागेवर बसला ना?

नाही. सांध्याच्या आत द्रव असतो, सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते, त्याचा आवाज. २०१५ मध्ये कॅनडात बोटाचा सांधा एमआरआयमध्ये ठेवून हे टिपलंय. बोटं मोडतो तोच आवाज. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही.

९. छातीत डाव्या बाजूला दुखतं, कायरोवाले म्हणतात फासळीचा सांधा अडकलाय. करून घेऊ का?

आधी ईसीजी. नंतर बाकी सगळं.

फासळीच्या सांध्यातून, मानेच्या नसेतून छातीत दुखू शकतं, अगदी हार्टसारखं, हे खरं आहे आणि मी असे पेशंट बघते. पण हा निष्कर्ष हृदय तपासून झाल्यावर काढायचा असतो. दाबल्यावर दुखतं म्हणजे स्नायूच, असं छातीठोक सांगता येत नाही, दाबून दुखणाऱ्यांपैकी काहींना हार्टचाही त्रास निघतो. छाती भरून येणं, दडपण, घाम, जबडा-खांदा-डावा हात दुखणं, चालताना वाढून थांबल्यावर कमी होणं, यातलं काही असेल तर १०८. डायबेटिसवाले, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात नुसता दम लागणं, मळमळ, पाठीत खांद्यांच्या मधोमध दुखणं एवढंच असू शकतं, आणि नेमकं हेच लोक "पाठ आखडलीय" म्हणून मसाज, क्रॅक शोधत जातात. माझा जीव इथे सगळ्यात जास्त तुटतो. हार्ट अटॅकमध्ये मिनिटामिनिटाला स्नायू मरतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी काही तासांनी परत करतात, तेव्हा "ईसीजी क्लिअर आहे" म्हणून घाईने घरी येऊ नका.

१०. मान क्रॅक केल्याने लकवा मारतो असं ऐकलं, खरं का?

दुर्मिळ आहे पण खरं आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळण घेतात. मान जोरात फिरवली तर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते, ती मेंदूत गेली की स्ट्रोक. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये यावर निवेदन काढलं, त्यात म्हटलंय की मानेचं मॅनिप्युलेशन आणि ही चीर यांचा संबंध दिसतो, कारण तेच आहे हे सिद्ध नाही, पण पेशंटला आधी सांगायला हवं. घोळ असा आहे की धमनीला आपोआप चीर पडली तरी मान दुखते, आणि मान दुखते म्हणून माणूस कायरोकडे जातो, त्यामुळे आधी काय झालं ते ठरवणं अवघड. हाच घोळ पेशंटसाठी धोक्याचा: कधी नव्हे अशी, एका बाजूची, अचानक सुरू झालेली मानदुखी किंवा डोकेदुखी असेल तर मानेला कुणालाच हात लावू देऊ नका. सेशननंतर गरगरणं, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं, चेहरा बधिर, एक पापणी खाली येणं, यातलं काही झालं तर "टॉक्सिन बाहेर पडतायत" यावर विश्वास ठेवू नका, १०८ ला फोन करा.

माझं स्पष्ट मत, हार्ट किंवा बीपीसाठी म्हणून मान फिरवून घेऊ नये. फायदा सिद्ध नाही तिथे छोटा धोकासुद्धा मोठा आहे.

११. मणका नीट झाल्यावर बीपीची किंवा पल्सची गोळी बंद करू का?

नाही. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा बीटा ब्लॉकर गोळ्या अचानक थांबवल्या तर ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं, अटॅकही येऊ शकतो. स्टेंट असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही स्वतःच्या मनाने चुकवू नका. घरचं रीडिंग खरंच कमी येत असेल तर (प्रश्न ५ मध्ये सांगितलं तसं मोजून) वही घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस कमी करायला तेच मदत करतील.

१२. स्टेंट, पेसमेकर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कायरोकडे जाता येतं का?

वॉरफेरिन, ॲसिनोकुमारोल किंवा तशा गोळ्या चालू असतील तर जोराचे झटके नकोत, आत रक्तस्राव होऊ शकतो. हाडं ठिसूळ असतील तर फ्रॅक्चर, साठीच्या पुढच्या बायकांनी हे खास लक्षात ठेवा. पेसमेकरवाल्यांना पाठीला करंट लावायचं मशीन लावतात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पेसमेकरला त्या करंटने गोंधळ होऊ शकतो. हलका हात, शेक, व्यायाम चालतो.

१३. एकदम धडधड सुटते, पल्स १७०-१८०. कुणीतरी म्हणालं व्हेगस दाबून थांबते, मग मानेवर दाबायचं का?

व्हेगस वापरून ठोके थांबवणं हे खरं वैद्यक आहे, पण ते स्वतःच्या बोटांनी मानेवर करायचं नाही. एसव्हीटी नावाच्या, हृदयाच्या वरच्या भागातून सुटणाऱ्या जलद ठोक्यांच्या प्रकारात डॉक्टर पेशंटला अर्धवट बसवून पंधरा सेकंद जोरात फुंकायला लावतात, आणि लगेच आडवं करून पाय वर उचलतात. २०१५ च्या ब्रिटिश अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के पेशंटचा रिदम जागेवर आला, जुन्या पद्धतीने (पाय वर न उचलता नुसतं फुंकून) १७ टक्के. साधी युक्ती, मशीन नाही, औषध नाही. पण आधी ईसीजीवर एसव्हीटीच आहे हे ठरायला हवं, तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. मानेवरची कॅरोटिड दाबणं मात्र वयस्कर माणसात धोक्याचं, तिथे चरबीचा थर असेल तर तो निसटून मेंदूत जाऊ शकतो.

१४. बाबांना दाढी करताना किंवा मान वळवली की चक्कर येते, एकदा पडलेसुद्धा. हा मणक्याचाच प्रॉब्लेम ना?

कदाचित नाही. कॅरोटिड धमनी जिथे दुभागते तिथे दाब मोजणारा सेन्सर असतो. काही वयस्कर लोकांत तो इतका संवेदनशील होतो की घट्ट कॉलर, दाढीचं ब्लेड, मान वळवणं एवढ्यानेच मेंदूला चुकीचा निरोप जातो की बीपी फार वाढलंय, मग व्हेगस ब्रेक मारते आणि हृदय काही सेकंद थांबतं. मान हलवल्यावर होतं म्हणून घरचे सरळ मणक्याचा एक्स-रे काढतात, साठीनंतर एक्स-रेमध्ये स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची वयाने झालेली झीज) बहुतेकांत दिसतोच, आणि रोग तिसराच राहतो. यांना कार्डिओलॉजिस्टकडे न्या, मान दाबून बघण्याची तपासणी ईसीजी लावूनच करतात. काहींना पेसमेकर लागतो. मान क्रॅक करायला यांना अजिबात नेऊ नका.

१५. नवरात्रीच्या आधी पाठ सेट करून घेतली तर गरबा खेळताना हार्टला प्रोटेक्शन मिळतं का?

नाही मिळत. नऊ रात्री तीन-तीन तास गरबा म्हणजे चांगलाच जोराचा व्यायाम आहे, त्याची तयारी दोन महिने आधी चालून करायची. घरात कमी वयात हार्टची हिस्ट्री असेल, डायबेटिस असेल, मावा-सिगारेट चालू असेल तर मैदानात उतरायच्या आधी तपासणी करा. खेळताना छातीत दडपण आलं तर राऊंड पूर्ण करायचा नाही, बाहेर या.

१६. मग व्हेगस सुधारायला काहीच नाही का?

आहे, आणि बहुतेक फुकट आहे. नेमाने चालणं सगळ्यात वर, काही महिन्यांत आरामातला पल्स खाली येतो तो व्हेगसचा जोर वाढल्यामुळेही. तंबाखू सोडणं, पुरेशी झोप, रात्री घोरून श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी. संथ श्वासाने बीपी थोडं उतरतं, गोळीच्या जागी नाही, गोळीबरोबर.

१७. समोरचा माणूस शिकलेला आहे की नाही कसं ओळखायचं?

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळे आठवड्याचा कोर्स केलेला आणि चार वर्षं शिकलेला, दोघंही तीच पाटी लावू शकतात. डब्ल्यूएचओने २००५ मध्ये पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तासांचा निकष दिला होता, तेव्हा कुठे आणि किती वर्षं शिकलात हे सरळ विचारा. चांगला माणूस आधी तुमची औषधं विचारतो, बीपी बघतो, धोके सांगतो आणि हार्टचं ऐकलं की स्वतःहून डॉक्टरांकडे पाठवतो. चाळीस सेशनचं पॅकेज पहिल्याच दिवशी पुढे करत असेल तर नको.

१८. म्हणजे तुम्ही कायरोप्रॅक्टिकच्या विरोधात आहात का?

कमरेच्या दुखण्यासाठी नाही. २०२३ च्या डब्ल्यूएचओच्या जुनाट कंबरदुखीच्या गाइडलाइनमध्ये मणक्याचं मॅनिप्युलेशन एक पर्याय म्हणून आहे, ब्रिटनची २०१६ ची गाइडलाइन म्हणते व्यायामासोबत असेल तरच. कंबर दुखते, बाकी तब्येत ठणठणीत, माणूस शिकलेला, तर जा. माझा विरोध फक्त हृदयाच्या नावाने विकण्याला आहे.

१९. बायपासला सहा आठवडे झाले, टाके बरे आहेत पण पाठ आणि खांदे भयंकर दुखतात. आता तरी क्रॅक चालेल का?

अजून नाही. ऑपरेशनमध्ये छातीचं हाड मधून कापून दोन्ही बाजू फाकवतात, त्यामुळे मागे जिथे फासळ्या मणक्याला जोडल्यात तिथपर्यंत ताण जातो, म्हणून पाठ दुखते. यात घाबरण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतं. पण हाड पक्कं सांधायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, डायबेटिस असेल तर जास्त. पालथं झोपवून पाठीवर दाब दिला तर सगळं वजन त्याच हाडावर येतं. तोवर खांदे मागून पुढे हळू गोल फिरवणं, खोकताना उशी छातीशी धरणं, पाठीला शेक, आणि सर्जनने दिलेली पॅरासिटामॉल. हाडातून कट्-कट् जाणवलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनला दाखवा.